रिफंड अडकलाय म्हणून रिटर्न पुन्हा भरायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी, आर्थिक वर्ष २०२४-२५ चा एकूण पगार १२ लाख, त्यात मूळ वेतन महिना ५०,००० आणि घरभाडे भत्ता महिना २०,०००. घरभाडंही महिना २०,००० च भरता. कंपनीने नव्या करपद्धतीप्रमाणे ७१,५०० रुपये टीडीएस कापला. तुम्ही १० सप्टेंबर २०२५ ला आयटीआर-१ जुन्या पद्धतीने भरला, त्याच दिवशी आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय केला (म्हणजे रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री दिली) आणि २५,७४० रुपये रिफंड मागितला. सोबतच्या सहकाऱ्याचे पैसे आठवड्याभरात आले. तुमचं रिटर्न प्रोसेसच झालं नाही आणि आता डिसेंबर २०२५ मध्ये ‘तुमचा रिफंड रिस्क मॅनेजमेंट प्रक्रियेत रोखला आहे, दाव्यांची खात्री करा’ अशा अर्थाचा ईमेल आला आहे. तुम्ही विचारता, तक्रार करू की रिटर्न पुन्हा भरू?

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त ‘रिफंड आला नाही’ एवढंच लिहितात आणि मग अंदाजावर उत्तर द्यावं लागतं. तुमच्या बाबतीत उशीर हा खरा प्रश्न नाही. २५,७४० हा आकडाच जुळत नाही. तो आधी बघू, बाकीचं नंतर.

तुम्ही वजावटी अशा लिहिल्या आहेत: स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, व्यवसाय कर २,५००, घरभाडे भत्ता २,४०,०००, ८०सी चे (पीएफसारख्या गुंतवणुकीचे) १,५०,०००, ८०डी चे (आरोग्यविम्याचे) ५०,००० आणि एनपीएस या पेन्शन योजनेचे जादा ५०,०००. यातून करपात्र उत्पन्न ६,५७,५०० येतं, सेससकट (करावरच्या उपकरासकट) कर ४५,७६०, आणि ७१,५०० मधून तो वजा केला की बरोबर २५,७४०. गणित चोख आहे. चूक आहे ती घरभाडे भत्त्याच्या २,४०,००० मध्ये. वर्षभरात जेवढं भाडं भरलं तेवढं सगळं करमुक्त, असं तुम्ही धरलंत. कायदा तसं म्हणत नाही. तीन रकमांपैकी सर्वांत कमी असेल तेवढीच सूट मिळते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, मूळ वेतनाच्या ठरावीक टक्के, आणि भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम. महागाई भत्ता निवृत्तिवेतनासाठी धरला जात असेल तर तोही मूळ वेतनात मिळवायचा. खासगी नोकरीत हे सहसा नसतं.

तुमचे आकडे घातले तर मिळालेला भत्ता २,४०,०००. टक्केवारी पुण्यासाठी ४०, म्हणजे ६ लाखांवर २,४०,०००. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ५० टक्क्यांचा लाभ मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना होता; पुणे, नागपूर, नाशिक, पणजी सगळी ४० मध्ये येत, तिथली भाडी कितीही असोत. तिसरी रक्कम मात्र २,४०,००० वजा ६०,०००, म्हणजे १,८०,०००. हीच सर्वांत कमी, म्हणून तुमची खरी सूट १,८०,०००. साठ हजार जादा घेतले गेले. उत्पन्न ७,१७,५०० होतं, त्यावर कर ५६,००० आणि ४ टक्के सेस २,२४० मिळून ५८,२४०. रिफंड उरतो १३,२६०. बचत खात्याचं व्याज असेल तर तेही उत्पन्नात दाखवा. दहा हजारांपर्यंतचं ८०टीटीए खाली वजा होतं, म्हणून वरच्या हिशोबात मी ते धरलेलं नाही.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे तुमचं रिटर्न थांबण्याची शक्यता नेमकी इथेच आहे. कंपनीने नवी पद्धत धरून कर कापला, आणि त्या पद्धतीत या वजावटी मिळत नाहीत, त्यामुळे फॉर्म १६ मध्ये (कंपनीने दिलेल्या पगार आणि टीडीएसच्या दाखल्यात) घरभाडे भत्त्याची सूट शून्य, ८०सी शून्य, सगळंच शून्य. तुमच्या रिटर्नमध्ये मात्र पाच लाखांहून जास्त वजावटी. असं करणं बेकायदेशीर अजिबात नाही. ज्याला धंद्याचं उत्पन्न नाही असा पगारदार दरवर्षी रिटर्न भरताना पद्धत निवडू शकतो, फक्त मुदतीत भरलं पाहिजे. पण फॉर्म १६ आणि रिटर्न यांत एवढी तफावत असली की यंत्रणा रिटर्न बाजूला काढू शकते. शिवाय या वर्षीच्या आयटीआरमध्ये कामाचं ठिकाण, मूळ वेतन, भरलेलं भाडं असे तपशील स्वतंत्र रकान्यांत मागितले आहेत. ते भरल्यावर बरोबर सूट किती, हे संगणकाला लगेच कळतं. सीपीसीने (रिटर्न प्रोसेस करणाऱ्या आयकर खात्याच्या केंद्राने) नेमकं कशावर बोट ठेवलंय हे त्या ईमेलवरून ठरवता येत नाही; ८०जीजीसी खालच्या राजकीय देणग्या आणि संस्थांना दिलेल्या देणग्यांवरूनही याच महिन्यात बऱ्याच जणांना संदेश गेले आहेत. तुमच्याकडे देणगी नाही. म्हणून घरभाड्यापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका.

८०सी च्या दीड लाखात कंपनीच्या पीएफमधला तुमचा वाटाच किती आहे ते पगारपत्रकातून मोजा. अनेकदा तोच ७०-७२ हजार असतो आणि लोक त्याच्याशिवाय दीड लाख जमवायला बघतात किंवा दोनदा धरतात. ८०डी चे ५० हजार म्हणजे स्वतःच्या कुटुंबाचे २५ आणि साठीच्या आतल्या आईवडिलांचे २५ असे असतील. दोन्हीकडचा हप्ता खरोखर तेवढा आणि तुमच्या खात्यातून, रोखीत नाही, असा गेला आहे ना ते बघा. कंपनीच्या गटविम्याचा जो हप्ता कंपनी भरते त्याची वजावट तुम्हाला मिळत नाही. एनपीएसचे ५० हजार तुम्ही स्वतः भरलेले असावेत, कंपनीचं योगदान वेगळ्या कलमात जातं. आणि भाड्याचं म्हणाल तर करार, पावत्या आणि बँकेतून गेलेले पैसे, तिन्ही हाताशी ठेवा. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर आहे, तेव्हा घरमालकाचा पॅनही. भाडं आईवडिलांना देत असाल तर चालतं, मात्र पैसे खरंच गेले पाहिजेत आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवले पाहिजेत.

आता पुन्हा भरायचं का? हो, पण ‘पुन्हा’ नव्हे, सुधारित. कलम १३९(५) खाली, ३१ डिसेंबर २०२५ च्या आत. ही तारीख माझ्या मते तुमच्या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची आहे. त्यानंतर आयटीआर-यू नावाचं अद्ययावत रिटर्न असतं, पण ज्या रिटर्नमधून रिफंडच निघतो त्याला तो रस्ता बंद आहे. तुमचा दुरुस्त आकडाही रिफंडचाच आहे. म्हणजे ३१ डिसेंबर गेल्यावर स्वतःहून चूक सुधारण्याची सोपी वाट राहत नाही, आणि चुकीचा दावा खात्यानेच पकडला तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के, चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर २०० टक्के दंडाची तरतूद आहे. आज दुरुस्त केलंत तर तुमचे जातात फक्त १२,४८० रुपये, आणि ते मुळात तुमचे नव्हतेच.

तुमच्यासारखाच ईमेल आलेल्या पण हिशोब पूर्ण बरोबर असलेल्या माणसाला मी सुधारित रिटर्न भरायला सांगणार नाही. भीतीपोटी खऱ्या वजावटी सोडून देणारे लोक दिसतात, ते वाईट वाटतं. कागद पक्के असतील तर मूळ रिटर्न तसंच राहू द्यावं, थांबावं, आणि पोर्टलवर काही विचारलं गेलं तर कागद द्यावेत. फक्त ‘लवकर प्रोसेस व्हावं’ म्हणून सुधारित भरण्यात अर्थ नाही. जुनं रिटर्न रद्द होतं आणि नवं रांगेत मागे जाऊन उभं राहतं.

सुधारित भरताना ई-फाइल मध्ये नेहमीसारखं असेसमेंट इयर २०२५-२६ निवडा, फाइलिंग सेक्शनमध्ये १३९(५) घ्या, मूळ रिटर्नचा पंधरा आकडी पावती क्रमांक आणि भरल्याची तारीख टाका. इथे एक जागा घात करते. आयटीआर-१ मध्ये ‘नवी करपद्धत सोडायची आहे का’ असा प्रश्न असतो आणि त्याचं ठरलेलं उत्तर ‘नाही’ असतं. सुधारित भरतानाही तिथे ‘होय’ आहे ना ते पाहा. ‘नाही’ राहिलं तर सगळ्या वजावटी गळून पडतील, कर ७१,५०० होईल आणि रिफंड शून्य. शेवटच्या पानावर रिफंड १३,२६० दिसल्याशिवाय सबमिट करू नका. दुसरी जागा म्हणजे ई-व्हेरिफिकेशन. मूळ रिटर्न व्हेरिफाय केलं होतं म्हणून सुधारित आपोआप होत नाही. ते स्वतंत्रपणे ३० दिवसांच्या आत करावं लागतं. वर्षअखेर जवळ असल्याने तुम्ही त्याच बैठकीत उरकून टाका.

ज्यांनी मूळ रिटर्नच व्हेरिफाय केलं नाही त्यांच्यासाठी जाता जाता सांगतो. ३० दिवसांनंतर व्हेरिफाय केलं तर व्हेरिफिकेशनची तारीख हीच रिटर्नची तारीख धरली जाते. ती १६ सप्टेंबर २०२५ च्या मुदतीनंतर पडली की रिटर्न उशिराचं ठरतं; मग उत्पन्न पाच लाखांवर असेल तर ५,००० रुपये शुल्क, आणि त्याहून मोठा फटका म्हणजे जुनी पद्धत मिळत नाही. घरभाडे, ८०सी, सगळं जातं. ‘रिफंड का येत नाही’ विचारणाऱ्यांनी म्हणून आधी व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स मध्ये जाऊन व्हेरिफिकेशनची तारीख बघावी.

सहकाऱ्याशी तुलना करू नका. ज्याचं रिटर्न फॉर्म १६ शी तंतोतंत जुळतं त्याचं काही दिवसांत होतं, कारण माणसाचा हात लागतच नाही. कायद्याने सीपीसीला, ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून नऊ महिने मिळतात. तुमच्यासाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२६ आहे. एवढा वेळ लागेलच असं नाही. पण तोवर ‘उशीर झाला’ अशी तक्रार कायद्याच्या भाषेत टिकत नाही. दुरुस्तीनंतर दोन-तीन महिने काहीच हललं नाही तर पोर्टलवरच्या ग्रीव्हन्सेस मध्ये सीपीसीच्या नावाने तक्रार टाका, पावती क्रमांक देऊन, चार ओळींत. १८०० १०३ ००२५ वर फोन करता येतो. तिथे निदान रिटर्न कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं.

प्रोसेस झाल्यावर ईमेलने कलम १४३(१) ची सूचना, म्हणजे सीपीसीने काढलेला तुमच्या कराचा हिशोब, येईल. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत. आत दोन रकाने शेजारी-शेजारी असतात, डावीकडे तुम्ही लिहिलेलं आणि उजवीकडे सीपीसीने धरलेलं. वरून खाली एकेक ओळ बोट ठेवून जुळवत या; जिथे पहिला फरक दिसेल तिथे खरी अडचण, खालचे सगळे फरक त्याच्या पोटातून आलेले असतात. टीडीएसच्या ओळीत फरक असेल तर कंपनीने किंवा बँकेने तिमाही विवरण चुकवलंय. ते त्यांनाच दुरुस्त करायला लावा, २६एएस मध्ये (तुमच्या नावावर जमा कराच्या वार्षिक विवरणात) रक्कम उमटू द्या आणि मग कलम १५४ खाली दुरुस्ती अर्ज करा. उलट क्रमाने केलं तर अर्ज फुकट जातो. करात फरक असेल आणि तुम्ही नव्या पद्धतीत शेअरचा अल्पमुदतीचा नफा दाखवला असेल, तर ८७ए ची (लहान उत्पन्नवाल्यांना मिळणारी कराची) सवलत त्या नफ्यावरच्या करातून काढून टाकलेली असू शकते. तुम्हाला हे लागू नाही, पण रिफंड कमी आलेल्या अनेक लहान पगारदारांचं कारण हेच असतं.

पुढचा टप्पा बँकेचा. प्रोसेस झालं, रिफंड मंजूर झाला, आणि खात्यात आला नाही, असं होण्याचं कारण बहुतेक वेळा खातंच असतं. माय प्रोफाइलमधल्या माय बँक अकाउंटमध्ये जा. खात्यासमोर ‘व्हॅलिडेटेड’ आणि ‘रिफंडसाठी नामांकित’ अशा दोन्ही खुणा हव्यात. त्या खात्यावरून ई-व्हेरिफिकेशनचा ओटीपी मिळण्याची सोय (ईव्हीसी) सुरू आहे की नाही याचा रिफंडशी संबंध नाही. नावाचा घोळ आपल्याकडे फार. पॅनवर आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव पूर्ण, बँकेत मात्र मधल्या नावाचं एकच आद्याक्षर. किंवा पॅन माहेरच्या नावाने आणि बँकेत सासरचं नाव. नेम मिसमॅच असा शेरा दिसला तर पोर्टलशी झगडू नका. बँकेत पॅनची प्रत देऊन केवायसी दुरुस्त करून घ्या, मग पुन्हा व्हॅलिडेट करा.

दुसरं म्हणजे आयएफएससी, बँकेच्या शाखेचा कोड. बँका विलीन झाल्या की तो बदलतो आणि पोर्टलवरचं जुनं व्हॅलिडेशन निकामी होतं. विदर्भ कोंकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र आली, न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत गेली. या खातेदारांनी आजच तपासावं. रिफंड एकदा परत गेला की सर्व्हिसेसमधल्या रिफंड रीइश्यू मध्ये विनंती करावी लागते. आपोआप तो पुन्हा निघत नाही. आणि पॅन आधारशी जोडलेला नसून निष्क्रिय झाला असेल तर रिफंडही थांबतो आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही.

मंजूर रकमेपेक्षा कमी पैसे आले किंवा काहीच आलं नाही, तर पेंडिंग ॲक्शन्समध्ये जुनी मागणी दिसते का बघा. कलम २४५ खाली खातं मागच्या वर्षाची थकबाकी रिफंडमधून वळती करून घेऊ शकतं, पण त्याआधी कळवतं आणि उत्तराला २१ दिवस देतं. मागणी मान्य नसेल तर ‘असहमत’ निवडून कारण आणि चलनाचा तपशील द्या. गप्प राहिलात तर ती मान्य आहे असंच धरलं जातं. बरेचदा ही मागणी चलनावर चुकीचं वर्ष टाकल्यामुळे तयार झालेली असते आणि सहज मिटते.

उशिराचं व्याज मिळतं, ते कोणाच्या मेहेरबानीने नाही. मुदतीत रिटर्न भरलेल्यांना १ एप्रिलपासून रिफंड निघेपर्यंत दरमहा अर्धा टक्का, अपुरा महिना पूर्ण धरून. समजा तुमचे १३,२६० रुपये जानेवारीत निघाले, तर दहा महिन्यांचे ५ टक्के, शंभराच्या खालची रक्कम सोडून १३,२०० वर ६६० रुपये. रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज नसतं. तुमचा जास्त आहे. हे ६६० ज्या वर्षी हातात पडतील त्या वर्षीच्या ‘इतर उत्पन्ना’त दाखवायचे. ते एआयएस मध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसतात, आणि पुढच्या रिटर्नमध्ये विसरले तर पुन्हा अशीच तफावत उभी राहते.

तेव्हा क्रमाने सांगायचं तर आधी घरभाडे १,८०,००० करून बाकी वजावटी कागदाशी ताडा, ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न जुन्या पद्धतीत भरून लगेच व्हेरिफाय करा, आणि मधल्या वेळात बँक खातं नि जुनी मागणी तपासून ठेवा. तक्रार आत्ता नको.

तुम्हाला आलेला तो ईमेलही एकदा नीट पाहून घ्या. त्यातल्या लिंकवर टिचकी न मारता स्वतः पत्ता टाइप करून पोर्टल उघडा, कारण याच दिवसांत ‘रिफंड मंजूर, खातं अपडेट करा’ म्हणणारे बनावट संदेशही फिरतात. खात्याच्या खऱ्या ईमेलच्या पत्त्याचा शेवट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन असा असतो, आणि पिन, कार्डाचा क्रमांक किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड खातं कधीच विचारत नाही. सुधारित रिटर्न भरताना संगणित आकडा १३,२६० पेक्षा वेगळा आला तर घरभाडे, ८०सी, ८०डी आणि बचत व्याज हे चार आकडे इथे लिहा. नाव आणि पॅन लिहू नका. फरक कुठून आला ते बघू.